गंजोबाचा वाकडा डबा

मास्तरांच्या मते जगात माणसं दोनच प्रकारची. एक स्वतः मास्तर, आणि दुसरी, ज्यांचं माप चुकलं आहे ती. दुसऱ्या प्रकारात गर्दी फार. त्यात त्यांची सगळी गिऱ्हाइकं होती, सगळे नातेवाईक होते, तयार कपडे विकणारे झाडून सगळे दुकानदार होते. मास्तर शिंपी होते. शाळेशी त्यांचा संबंध गणवेशापुरता. पण बोलताना असे बोलत की समोरचा आपोआप हात पुढे करून छडीची वाट पाहायला लागे.

त्यांच्या नजरेच्या गोष्टी गल्लीत प्रसिद्ध होत्या, कारण त्या ते स्वतःच सांगत, आणि दर खेपेला गोष्टीला थोडं कापड जास्त लागे. एकदा पावसाची सर आली म्हणून एक परका माणूस दुकानाच्या छपराखाली उभा राहिला. मास्तरांनी चष्म्यावरून त्याच्याकडे एकदा पाहिलं, आणि सर ओसरायच्या आत कोट शिवून त्याच्या अंगावर चढवला. बिचारा पाऊस चुकवायला आला होता, कोट घेऊन गेला. एका बाईचा झगा त्यांनी म्हणे भिंतीवर पडलेल्या सावलीवरून बेतला. झगा हातभर लांब झाला, पण त्यात चूक सावलीची. सावली संध्याकाळची होती. ऐन उमेदीत तर लोक त्यांच्या दुकानावरून जाताना पोट आत ओढून जात. न जाणो, मास्तरांची नजर पडायची आणि शर्ट घ्यावा लागायचा.

अशा माणसाच्या दुकानात सूनबाईंनी कॉम्प्युटर आणायचं ठरवलं.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. तिच्यात शिलाईची दोन मशीनं, एक कपाट, आणि बाकी सगळं टेबल. कापायचं टेबल. इतकं मोठं की खोली आधी बांधली की टेबल, असा पाहणाऱ्याला प्रश्न पडावा. कात्रीने कडा गुळगुळीत झालेल्या, मधोमध खडूची पांढुरकी झाक. गणवेशांचे खाके आता कॉम्प्युटरवर काढायचे, म्हणजे लहान-मोठी मापं क्षणात बदलता येतात, असं सूनबाईंचं म्हणणं. कॉम्प्युटरचा पडदा भिंतीवर टांगू, डबा तेवढा टेबलावर ठेवू.

"बाबा, तेवढा एक कोपरा द्या," ती म्हणाली.

"कोपरा? आज कोपरा, उद्या बाजू, आणि परवा म्हणशील, बाबा, तुम्ही जरा भिंतीला टेकून उभे राहा."

"भिंतीला तर आत्ताही टेकूनच आहात," आतून मास्तरीणबाई म्हणाल्या. मास्तरांचं कुठलंही वाक्य मास्तरीणबाईंनी शिवण घातल्याशिवाय पुरं होत नसे. मुलगा कामाच्या निमित्ताने परगावी असायचा. घरी असतानाही त्याचा तसा अडथळा कुणाला नसे.

कॉम्प्युटरचा आतला ऐवज सूनबाईंच्या भावाने दिला होता. हा भाऊ कुठल्याशा ऑफिसात कॉम्प्युटर दुरुस्त करी. मास्तर त्याला 'स्क्रू' म्हणत. तोंडावर नव्हे, पण त्याला ऐकू जाईल अशा बेताने. स्क्रूने मदरबोर्ड दिला, त्यावर बसवायचं सगळं दिलं, वायरी दिल्या. राहिला फक्त बाहेरचा डबा. आणि तसा जुना, रिकामा डबा गल्लीच्या टोकाला गंजोबाच्या भंगारात पडला होता.

"बसला डबा तर ठीक," मास्तरांनी निकाल दिला. "नाही बसला तर हा विषय या घरात पुन्हा निघणार नाही. माझ्या टेबलाचा कोपरा नाही, बाजू नाही."

"चालेल," सूनबाई म्हणाली.

ती इतक्या लवकर 'चालेल' म्हणाली याची मास्तरांना खरं तर तेव्हाच शंका यायला हवी होती. पण शंका यायला आधी दुसऱ्याला अक्कल आहे असं मानावं लागतं, आणि ती सवय मास्तरांना नव्हती.

अडचण एवढीच की गंजोबाचा एक नियम होता. माल त्याच्या उंबऱ्याबाहेर गेला की विकला. घरी नेऊन बघतो, बसला तर ठेवतो, ही भाषा त्याच्याकडे चालत नसे. आणि स्क्रूने बहिणीला बजावलं होतं की मदरबोर्ड त्या भंगारात मुळीच न्यायचा नाही. तिथे लोखंडाचा कीस उडत असतो, एक कण नको तिथे अडकला तरी बोर्ड गेला. मग तपासायचं कसं? तर बोर्डाच्या आकाराचा कागद कापायचा, बोर्डाला जिथे जिथे स्क्रूची भोकं आहेत तिथे कागदाला भोकं पाडायची, आणि तो कागद डब्यात ठेवायचा. डब्यात पितळेच्या बारक्या खुंट्या असतात. प्रत्येक भोकाखाली खुंटी आली, तर बोर्ड बसला.

सूनबाई टेबलावर बोर्ड ठेवून कागदावर कडा उतरवत होती, तेव्हा मास्तर आले.

"हे काय, अक्षर गिरवतेयस?"

"खाका काढतेय, बाबा."

"खाका!" मास्तर छताकडे पाहून म्हणाले, जणू तिथे कुणीतरी शहाणं माणूस बसलं होतं. "उभा जन्म खाके कापण्यात गेला माझा, आणि आता या घरात खाका सूनबाई काढणार, तेही त्या स्क्रूने फोनवर सांगितलं म्हणून. ठेव ती पेन्सिल. पेन्सिल धरतात का अशी? पळीसारखी धरलीय."

"भोकं तेवढी नीट उतरवा, बाबा. ती सगळीकडे सारखी नाहीत..."

"तू मला भोकं शिकव. काजं करून करून बोटं झिजली माझी."

तेवढ्यात मास्तरीणबाईंनी आतून हाक मारली आणि सूनबाई गेली. मास्तरांनी बोर्ड न्याहाळला. हिरवा चौकोन, त्यावर खाचा, खाचांवर खाचा.

"काय बेतलंय!" ते स्वतःशीच म्हणाले. "नुसते खिसेच खिसे. अंग कुठे घालायचं?"

मग त्यांनी खाकी कागद घेतला आणि कुठल्याही शिंप्याने केलं असतं तेच केलं. कागदाची मधोमध घडी घातली. शिंपी शर्टाची पाठ कधी अख्खी कापत नाही. अर्धी आखतो, कापड घडीवर धरतो आणि एकदाच कात्री चालवतो. उलगडलं की डावं-उजवं आरशातल्यासारखं सारखं. अख्खी पाठ आखणारा एक तर शिकाऊ असतो, नाही तर मूर्ख. मास्तरांनी घडीची कड बोर्डाच्या मध्यावर ठेवली, अर्धा बोर्ड बिनचूक उतरवला, एका बाजूची भोकं टोच्याने दोन्ही पदरांतून आरपार पाडली, आणि कात्री फर्रकन फिरवली. सूनबाई बाहेर येईपर्यंत कागद उलगडून, हातरुमालासारखा झटकून तयार.

"हे बघ. याला म्हणतात खाका."

सूनबाईने कागद पाहिला. मग बोर्ड पाहिला. मग मास्तरांकडे पाहिलं.

"छान कापलाय," ती म्हणाली.

गंजोबाचं भंगार म्हणजे गल्लीचं पोट बिघडल्यासारखं दिसे. पाती नसलेले पंखे, दारं नसलेली कपाटं, कपाटं नसलेली दारं, आणि मधोमध उलट्या टबावर गंजोबा. त्याचं खरं नाव काय ते आता कुणाला सांगता आलं नसतं. गंज त्याच्या मालावरून त्याच्या हातांवर आला, हातांवरून कपड्यांवर, आणि शेवटी नावावर चढला. मास्तरांना तो माणसांतला चिंधीचा ढीग वाटे. चिंधीचासुद्धा मास्तर काही उपयोग करत.

"या मास्तर," गंजोबा म्हणाला. "आज आमच्याकडे कसे काय? काय भंगारात घालायचंय? स्वतः चालत आलात म्हणून विचारलं."

भंगाराच्या तोंडाशी चहावाला होता, सायकल दुरुस्त करणारा होता, आणि पंक्चरची वाट पाहत उभे असलेले दोघे-तिघे. सगळे हसले. मास्तरांनी हे हसणं मनात मोजून ठेवलं.

डबा पुढे आला. काळा, पत्र्याचा, एका बाजूचं झाकण काढलेला. आत पितळी खुंट्या होत्या. मास्तरांनी दोन बोटांत धरून कागद आत सोडला. कडा तंतोतंत बसल्या. मास्तरांच्या कपाळाला आठी पडली. मग त्यांनी भोकं पाहिली. एका अंगाच्या सगळ्या भोकांतून खुंट्या डोकावत होत्या. दुसऱ्या अंगाला एकाही भोकात खुंटी नाही; भोकं एकीकडे, खुंट्या भलतीकडे.

मास्तरांचा चेहरा कडक इस्त्री केल्यासारखा सरळ झाला.

"बसत नाही," ते म्हणाले.

"असं कसं? कागद उलटा ठेवलात तुम्ही," गंजोबा म्हणाला आणि त्याने कागद पालथा केला. भोकं होती तिथेच आली. त्याने पुन्हा सुलटा केला. तरी तिथेच. गंजोबा डोकं खाजवायला लागला. "अहो मास्तर, हा कसला बोर्ड? उलटा केला तरी तस्साच! असं फुलपाखरू असतं. बोर्ड नाही बघितला मी असा."

"तू आयुष्यात काय बघितलंयस?" मास्तर म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांची नजर कागदाच्या मधोमध गेली. तिथे घडीची रेघ होती. सरळ, ठसठशीत, त्यांच्याच हातची.

मास्तरांनी चटकन त्या रेघेवर अंगठा ठेवला.

बोर्ड घडीवर कापला होता. बोर्डाला काय, त्याला पाठ नाही की पोट नाही, त्याचं डावं उजव्यासारखं असायचं कारण काय? अर्धा खाका खरा होता, अर्धा आरशातला. हे आता जगात फक्त मास्तरांना ठाऊक होतं. सोबत आलेली सूनबाई शेजारी उभी होती. चहावाला मान लांब करून बघत होता. 'जरा थांबा, कागद चुकला' एवढं म्हटलं की झालं असतं. पण एवढं म्हटलं की टेबलाचा कोपरा गेला असता. शिवाय ते शब्द मास्तरांच्या तोंडाने कधी उच्चारले नव्हते, त्यामुळे जिभेला वाटही माहीत नव्हती.

"डबा वाकडा आहे," मास्तर चढ्या आवाजात म्हणाले.

"काय?"

"वाकडा! तिरपा! एका अंगाला बसतो, दुसऱ्या अंगाला बसत नाही. अरे, माझा कागद खोटं बोलेल? कुणीतरी बसून चेपवलेला डबा तू लोकांच्या गळ्यात मारतोस. असल्या डब्यात कोंबडीनेसुद्धा अंडं घातलं नसतं, तिचा तोल गेला असता."

चहावाला खो-खो हसला. सायकलवाल्याने डबा उचलून एक डोळा मिटून पाहिला आणि 'तिरपा वाटतो खरा' म्हणून मान हलवली. लोकांना सांगितलं की दिसतंच. गंजोबाचा चेहरा पडला. भंगार विकणाऱ्यालाही अब्रू असते हे मास्तरांच्या गावी नव्हतं.

"चल, सूनबाई. विषय संपला."

"चला," सूनबाई म्हणाली.

घरी आल्यावर मास्तरांनी चहा मागितला, दोन घोट घेतले, आणि तिसऱ्या घोटाला सूनबाई मदरबोर्ड घेऊन टेबलाशी आली. तिने टेबलावर एक कोरडी लाकडी फळी मधोमध ठेवली आणि फळीवर बोर्ड.

"हे काय?"

"डबा नाही मिळाला ना, बाबा. मग भावाला विचारलं. तो म्हणाला, डब्यावाचून अडत नाही. बोर्ड उघडाच फळीवर ठेवला तरी चालतो. त्याच्याकडे कामावर तसेच पसरलेले असतात. आणि कोपरा नाही, बाजू नाही, असं तुम्हीच म्हणालात, म्हणून मधोमध ठेवला."

तिने वायरी जोडल्या. वायरी टेबलभर पसरल्या. एक कपाटाकडे, एक मशीनच्या दिशेने, एक उगीच.

"फक्त एक," सूनबाई शांतपणे म्हणाली, "उघडा बोर्ड म्हणजे टेबलावर धातूचं काही आणायचं नाही. टाचणी नको, सुई नको. एक टाचणी वर पडली की सगळं जळून जाईल. कात्री तर नकोच. आणि कापड झटकायचं नाही, सूत उडतं. चहाचा कपही, बाबा... द्या, मी घेते."

मास्तरांच्या हातातला कप गेला.

"मी कापायचं कुठे?"

"बघू ना. डबा मिळेपर्यंत."

त्यानंतर मास्तरांनी जे भोगलं ते शत्रूलाही भोगायला लागू नये. गंजोबाला लागलं तर हरकत नव्हती. त्यांनी जमिनीवर पसरून पँट कापली आणि उठताना कमरेतून असा आवाज निघाला की मास्तरीणबाईंना वाटलं, मशीनचा पट्टा तुटला. पलंगावर कोट कापला, तेव्हा कोटाबरोबर चादरीचीही एक बाही निघाली. उभ्याने कपाटाच्या दारावर कॉलर आखली. एक गिऱ्हाईक येऊन टेबलावरच्या त्या हिरव्या चौकोनाकडे आदराने पाहत म्हणालं, "वा, मास्तर, आता हे मापं घेणार का?" मास्तरांनी त्याचा शर्ट मुद्दाम आखूड करायचं मनात पक्कं केलं.

"नाचता येईना तर अंगण वाकडं," मास्तरीणबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या.

"कुणाला म्हणालीस?"

"भाजीला."

शेवटी एका दुपारी घरातल्या दोघी झोपल्यावर मास्तरांनी खाकी कागद काढला. घडी घातली नाही. अख्खा बोर्ड आखला, डावं वेगळं, उजवं वेगळं. एखाद्या शिकाऊसारखं, जीभ दातांत धरून. खिडकीतून कुणी बघत नाही ना हे चारदा पाहिलं. बोर्डाला धातू लागू नये म्हणून कागद खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन कापला. मग कागदाची सुरळी सदऱ्यात खोचून ते चोरासारखे गल्लीच्या टोकाला गेले.

गंजोबा टबावर होता. त्याने काही विचारलं नाही. मास्तरांनी डबा स्वतःच ओढला आणि कागद आत सोडला. एक एक खुंटी एकेका भोकातून अशी वर आली, जशी गुंडी काजातून यावी.

"बसला," मास्तर पुटपुटले. "बांध. घेऊन जातो."

"नाही विकायचा," गंजोबा म्हणाला.

"म्हणजे?"

"वाकडा आहे ना तो. तुम्हीच म्हणालात. त्या दिवसापासून माझ्याकडे येणारा प्रत्येक जण माल एक डोळा मिटून बघतोय. काल एकाने बादली तिरपी म्हणून परत ठेवली. गोल बादली, मास्तर! वाकडा डबा मी तुमच्यासारख्यांना कुठल्या तोंडाने विकू?"

"अरे, पण आता बसतोय ना!"

"मग तेव्हा का नाही बसला? डबा रात्रीतून सरळ झाला?" गंजोबा उठला, भंगाराच्या तोंडाशी गेला आणि चहावाल्याला, सायकलवाल्याला, आणि उगीचच जाणाऱ्या एका टोपीवाल्याला हात करून बोलावलं. "या. मास्तरांना काहीतरी सांगायचंय."

मंडळी आली. टोपीवाला तर टोपी काढून उभा राहिला, कुणी गेलंय असं त्याला वाटलं.

मास्तरांनी इकडे तिकडे पाहिलं. डोळ्यांपुढे टेबल आलं, त्याच्यावरच्या वायरी आल्या, जमिनीवरची ती पँट आली. अडला हरी गाढवाचे पाय धरी, पण निदान गाढवाने तरी प्रेक्षक जमवू नयेत.

"डबा सरळ आहे," ते भराभर म्हणाले.

"ते आम्हाला दिसतंय," चहावाला म्हणाला. "मग चुकलं काय?"

"माप."

"कुणाचं?"

"कागदाचं."

"कागद कुणी कापला?"

मास्तरांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की एरवी त्याच्या किटलीतला चहा निवला असता. पण त्या दिवशी त्या नजरेत वाफ नव्हती.

"मी. माझं माप चुकलं. झालं समाधान? आता तोंडं मिटा आणि कामाला लागा. तुमच्यातल्या एकाचाही शर्ट खांद्यावर नीट बसलेला नाही, आणि आलेत माझं माप काढायला!"

डबा डोक्यावर घेऊन मास्तर घरी आले. तो त्यांनी दाणकन टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला.

"मिळाला एक," ते म्हणाले. "तुझ्याच्याने झालं नसतं. बसव आत ते भूत आणि माझं टेबल मोकळं कर."

सूनबाईने बोर्ड आत बसवला, स्क्रू पिळले, झाकण लावलं. फळी निघाली, वायरी डब्यामागे गेल्या. कोपरा सोडून सगळं टेबल पुन्हा पांढुरकं, रिकामं दिसू लागलं. मास्तरांनी त्यावर हात फिरवला.

"हिला पहिला कागद बघूनच कळलं होतं हो," मास्तरीणबाई आतून म्हणाल्या. "घडी दिसत होती म्हणे."

मास्तरांनी सूनबाईकडे पाहिलं. ती डब्याची धूळ पुसत होती, फार मन लावून.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही म्हणालात ना, बाबा, मला भोकं शिकवू नकोस."

मास्तरांनी टाचण्यांचा डबा उघडून टाचण्या टेबलभर ओतल्या आणि एक एक करत पुन्हा भरायला घेतल्या. ओतायची काही गरज नव्हती.

थोड्या दिवसांनी गंजोबा दुकानात आला. बगलेत पँटचं कापड. मास्तरांनी चष्म्यावरून त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि खडू उचलला.

"उगीच नजरेने नको," गंजोबा म्हणाला. "टेप लावा. आणि दोन्ही पायांची वेगवेगळी मापं घ्या. माझी पँट घडीवर कापू नका."

दारात चहावाला उभा होता. सूनबाई पडद्याकडे पाहत होती, पण तिचे कान इकडे होते. नाही म्हणायला मास्तरांना जागा नव्हती. त्यांनी हयातीत पहिल्यांदा एका गिऱ्हाइकाचे दोन पाय वेगवेगळे मोजले. डावा मोजला. उजवा मोजला. मग पुन्हा डावा मोजला. डावा पाय चांगला बोटभर आखूड होता.

"तरीच!" गंजोबाचे डोळे मोठे झाले. "इतकी वर्षं माझी डावी बाजू खाली लोळते. मला वाटायचं, पँटच अशी असते. सगळ्या तुम्हीच शिवलेल्या, मास्तर."

चहावाला दाराला धरून हसायला लागला. मास्तरांनी टेप गळ्यात टाकली, खडू कानामागे खोचला आणि गंजोबाकडे नखशिखान्त तुच्छतेने पाहिलं.

"शिवण बरोबर होती," ते म्हणाले. "पाय चुकलेत तुझे."